देणे आणि टाकणे

'देऊन टाकले' हा शब्दप्रयोग आपण दिवसातून कितीदा करतो याची मोजदाद कोणी ठेवत नाही. जुनी भांडी देऊन टाकली, लहान झालेले कपडे देऊन टाकले, आटलेली गाय कोणाला तरी देऊन टाकली. व्याकरणकार सांगतील की येथे 'देणे' हे मुख्य क्रियापद असून 'टाकणे' हे केवळ साहाय्यकारी आहे. क्रिया पुरी झाली एवढेच ते सुचवते. परंतु त्या साहाय्यकारी शब्दात सुटकेचा एक लहानसा निःश्वासही असतो, हे बोलणारा मनातून जाणत असतो. भांड्यांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. जिवंत प्राण्याच्या बाबतीत मात्र प्रश्न उभा राहतो : या देण्यात टाकण्याचा अंश किती? हा प्रश्न मला ग्रंथ वाचताना पडलेला नाही. एका कुत्रीने तो माझ्यापुढे आणून ठेवला, म्हणून तिची हकीकत आधी सांगणे प्राप्त आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या भालकीच्या रेल्वे स्थानकाबाहेर एक तांबूस रंगाची कुत्री वाहनाचा धक्का लागून पडली होती. जखमी जनावरांवर औषधोपचार करणारी गावातील काही तरुण मुले आहेत. त्यांनी तिला उचलले, मलमपट्टी केली आणि ती आमच्या ओसरीवर आणून ठेवली. "काका, दोन-तीन महिने सांभाळा. पाय सुधारला की आम्ही चांगले घर शोधतो," असे ते म्हणाले. मी सत्तरी ओलांडलेली. मुले पुण्याला आणि हैदराबादला. घर मोठे, माणसे दोन. नकार देण्याला सबळ कारण सापडले नाही. तिचे नाव सौ.ने तांबू ठेवले. दातांवरून तिचे वय चारच्या सुमारास असावे, असे पशुवैद्यांनी सांगितले.

पाय दीड महिन्यात सुधारला. दुसरेच काही तरी बिघडत चालले होते, ते आमच्या लक्षात येईना. दिवसा ती परसात कावळ्यांच्या मागे धावे. दिवेलागणीला मात्र ओसरीच्या पायरीशी येऊन थांबे आणि पुढचा पाय हवेत धरून उभी राही. आम्हाला वाटे, दुखऱ्या पायाची भीती असेल. रात्री बॅटरीचा झोत पडला की तिचे डोळे विलक्षण चमकत. खाऊनपिऊन अंगी तेज आले, असे आम्ही कौतुकाने म्हणत असू. पशुवैद्यांनी डोळे तपासले आणि सांगितले की ही चमकच रोगाची खूण आहे. कुत्र्याच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. दृष्टिपटल झिजून पातळ झाले की तो थर अधिक उघडा पडतो आणि डोळा अधिक चकाकतो. या विकारात अंधारात पाहण्याची शक्ती आधी जाते आणि दिवसाची मागाहून. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांत निळसर झाक येते तिने दृष्टी फारशी जात नाही. मोतीबिंदू असेल तर पुष्कळदा शस्त्रक्रिया करता येते. झिजलेल्या दृष्टिपटलाला मात्र उपाय नाही. त्यात वेदना नसतात, हाच काय तो दिलासा. काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष तिला दिवसाचे दिसत राहील, असा त्यांचा अंदाज होता.

त्याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि पुढचा सारा पेच तिच्यातून निर्माण झाला. आंधळे कुत्रे घरात सुखाने राहू शकते, कारण ते घर पाठ करते. किती पावलांवर उंबरठा, कोठे पाण्याचे भांडे, कोठे गार शहाबादी फरशी संपून शेणाने सारवलेली जमीन सुरू होते, हे सारे ते नाकाने, कानांनी आणि तळपायांनी लक्षात ठेवते. त्याचा अनुभव आम्हाला लवकरच आला. पाहुणे येणार म्हणून एकदा आम्ही माजघरातील बाज दुसऱ्या भिंतीशी सरकवली. संध्याकाळी तांबू नेहमीच्या वेगाने आली आणि बाजेच्या गातावर आपटली. मार फार लागला नव्हता. पण पुढे दोन दिवस ती त्या खोलीच्या दारातच बसून राहिली. खोलीने आपल्याला फसवले, असे तिला वाटले असावे. बाज पुन्हा जागेवर ठेवली तेव्हा तिसऱ्या दिवशी ती आत आली.

आता पेच असा. ती आमच्याकडे तात्पुरती आलेली होती. आमचे घर तिने पाठ केले होते. दृष्टी जाणाऱ्या जिवाला पाठ झालेल्या घरातून उठवणे म्हणजे त्याची दृष्टी दुसऱ्यांदा काढून घेणे नव्हे काय? उलट बाजूही तितकीच खरी. चार वर्षांची कुत्री आणखी सात-आठ वर्षे सहज जगेल. आम्ही उभयता तेवढी वर्षे धडधाकट राहू, याची हमी कोण देणार? आमच्यानंतर, किंवा आमच्यापैकी एकजण अंथरुणाला खिळल्यानंतर, तिला हलवावे लागलेच तर तेव्हा ती पूर्ण आंधळी असेल आणि हलवणारी माणसे घाईत असतील. थोडा उजेड शिल्लक आहे तोवरच तिला नवे घर पाठ करता येणार होते. ठेवून घेण्यात प्रेम दिसत होते आणि देण्यात दूरदृष्टी. परंतु दोन्हींच्या आड स्वार्थही बसू शकतो. ठेवून घेताना आपल्याला सोबत हवी असते. देताना आपल्याला मोकळे व्हायचे असते.

अशा वेळी आपल्या पिढीचे मन आपोआप महाभारताकडे वळते. त्या ग्रंथाच्या आरंभी आणि अखेरी कुत्रा आहे, ही गोष्ट आपण सहसा एकत्र मांडून पाहत नाही. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. तरी जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. सरमा येऊन जाब विचारते, कोणी उत्तर देत नाही, तेव्हा ती म्हणते की तुमच्यावर न दिसणारे भय येईल. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर एकटा उरतो, मागे कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडण्याची अट घालतो. भक्ताचा त्याग हे महापातक आहे, असे सांगून युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो. भावांना आणि द्रौपदीला सोडून आलास, मग कुत्र्याला का सोडत नाहीस, असे इंद्र विचारतो तेव्हा तो सांगतो की ते मृत झाल्यावर मी पुढे निघालो; जिवंतपणी कोणाला टाकले नाही.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि तांबूला कोणाला द्यावे हा विचार मनात येताच ती माझ्यापुढे आरोपपत्रासारखी उभी राहू लागली. पण नीट वाचल्यावर ध्यानात आले की युधिष्ठिरापुढचा प्रश्न माझ्याहून सोपा होता. त्याला कुत्र्याच्या मोबदल्यात स्वर्ग देऊ केला होता. ज्या त्यागात आपला लाभ उघड दिसतो त्याला नकार देण्यास धैर्य लागते. संभ्रम मात्र होत नाही. समजा, इंद्र म्हणाला असता की पायथ्याच्या गावात एक सज्जन कुटुंब आहे, तेथे हा कुत्रा तुझ्याबरोबर बर्फात चालण्यापेक्षा अधिक सुखात राहील, तर? त्या प्रश्नाचे उत्तर व्यासांनी दिलेले नाही. ते ज्याचे त्याने शोधायचे आहे.

या संदर्भात 1926 सालच्या एका वादाची आठवण होते. अहमदाबादेत एका गिरणीमालकाने आपल्या आवारातील साठेक बेवारस कुत्री मारवली आणि अस्वस्थ होऊन गांधीजींचा सल्ला विचारला. गांधीजींनी 'यंग इंडिया'मध्ये लेखमाला लिहिली आणि देशभरातून संतप्त पत्रे आली. मारण्याचे त्यांनी केलेले समर्थन मला आजही पटत नाही. परंतु त्यांच्या म्हणण्याचा दुसरा भाग टाळता येत नाही : मालक नसलेले कुत्रे रस्त्यावर असणे हे समाजाच्या दयेचे लक्षण नसून आळसाचे आहे, आणि जबाबदारी न घेता भाकरीचा तुकडा टाकणारा माणूस पुण्य नव्हे, दोष जोडतो. कायद्यानेही पुढे या दिशेने काही पावले टाकली. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सबळ कारणावाचून सोडून देणे हा गुन्हा ठरला. 2023 च्या नियमांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांना 'सामुदायिक प्राणी' म्हटले. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला आणि थोड्याच दिवसांत तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत असे सांगितले. मूळ जागी, हे शब्द मी पुन्हा वाचले. धडधाकट कुत्र्याला मूळ जागा लाभदायक असते, हे खरे. जिला रस्त्यावरची मोटार दिसणार नाही तिची मूळ जागा कोणती?

टाकण्याविषयी कायदा बोलतो; देण्याविषयी तो मुका आहे. म्हणून मी माणसांच्या बाबतीत आपण काय करतो ते पाहू लागलो. आपल्याकडे मूल दत्तक देण्याची परंपरा आहे. 'दत्त' म्हणजे दिलेला. आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात गाणगापूर आहे. ज्याच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात त्या देवाचे नावच 'दिलेला' असे आहे. ती कुत्री म्हणजे चार वेद, असे आपण सांगतो; वेद कुत्र्यांच्या रूपात का आले, हे मात्र कोणी विचारत नाही. आपल्या तालुक्यातील खानापूरच्या मैलार मल्लण्णाला जाणाऱ्यांनाही खंडोबाबरोबरचा कुत्रा परका नाही. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात दोन गोष्टी आहेत. मूल प्रत्यक्ष दिले आणि घेतले गेले पाहिजे. आणि एकदा दिलेले दत्तक रद्द करता येत नाही. मूल परत पाठवता येऊ नये, म्हणून ही कडी लावलेली आहे. कुत्र्याच्या बाबतीत मला ती उलटी लावावीशी वाटली. त्याला कोणताही कायदेशीर हक्क नाही. नव्या घरी नकोसे झाले तर त्याची गाठ रस्त्याशी आहे. म्हणून देणाऱ्याचे दार उघडे राहिले, तरच ते देणे.

याच 1956 साली आपल्या घरांनी एक वेगळे देणेघेणे पाहिले. राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे आणि भालकी दुसरीकडे. आपली घरे हलली नाहीत, उंबरठे जागच्या जागी राहिले, आणि तरीही पाठ असलेले जग बदलले. कोणी कोणाला विचारून दिले, असे वडीलधारी मंडळी पुष्कळ वर्षे म्हणत असत. त्या तक्रारीचा न्यायनिवाडा हा येथला विषय नाही. परंतु ज्याला दिले जाते त्याचे मत विचारता येत नसेल, तर देणाऱ्यावरचा भार दुप्पट होतो, एवढे आपल्यासारख्यांना कोणी वेगळे समजावून सांगायला नको.

आता मला एक कबुली द्यायची आहे. मुलांनी शोधलेले पहिले कुटुंब तांबूला पाहायला आले ते सकाळी दहाच्या सुमारास. लख्ख ऊन होते. तांबू परसात धावत होती, बोलावताच आली, पाहुण्यांच्या लहान मुलीचा हात चाटला. ती मंडळी खूश झाली. "काही आजार वगैरे?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "पाय पूर्ण बरा झाला आहे." हे वाक्य खोटे नव्हते. एकदा घरी गेली, लळा लागला, की मग डोळ्यांचे कळले तरी कोण टाकणार, असा हिशेब माझ्या मनात त्या क्षणी पुरा झाला होता. चहाचे कप घेऊन आलेल्या सौ.ने ते ऐकले आणि कप खाली ठेवून सांगितले, "हिला रात्रीचं दिसत नाही, आणि पुढं दिवसाचंही दिसणार नाही." मंडळी थोडा वेळ बसली, आम्ही विचार करून कळवतो म्हणाली आणि गेली. त्यांनी कळवले नाही.

मला त्या दिवशी सौ.चा राग आला. रात्री राग उतरल्यावर जे उरले त्याला लाज म्हणायला हवे. ज्या देण्याविषयी मी युधिष्ठिराशी वाद घालत होतो, त्यात टाकणे कोठून शिरले ते मला त्या रात्री दिसले. मी तांबूला चांगल्या घरी पाठवायला निघालो नव्हतो. ती माझ्या हातून जावी एवढेच पाहत होतो. तिच्या आंधळेपणाचा भार मी नकळत दुसऱ्याच्या पदरात बांधत होतो, आणि उद्या त्याने तिला रस्त्यावर सोडले असते तर दोष त्याचा, असे म्हणायला मी मोकळा राहिलो असतो. सरमेने ज्याला न दिसणारे भय म्हटले, ते अशाच वागणुकीतून येत असावे. लपवून दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या घरी न दिसणारे भय होऊन बसते.

त्या दिवसापासून मी स्वतःपुरत्या चार कसोट्या ठरवल्या. पहिली, देण्याची वेळ तिच्या गरजेने ठरावी, आमच्या सोयीने नव्हे. दुसरी, घेणाऱ्याला सर्व खरे सांगावे, आणि ते दिवसा न सांगता संध्याकाळी, ती पायरीवर थांबलेली असताना, दाखवून सांगावे. तिसरी, आपल्याला तिच्याविषयी जे माहीत आहे ते सारे बरोबर द्यावे. चौथी, दार उघडे ठेवावे. यांपैकी एकही कसोटी उतरत नसेल, तर ठेवून घ्यावे आणि आपल्या मागे तिचे कोण, याची तजवीज करावी. आमच्या पुण्याच्या मुलाशी त्याबद्दल बोलणेही झाले होते. म्हणजे आता आम्ही देण्यास बांधलेले नव्हतो. कसोटी लावायची तर तेवढी मोकळीक हवी.

दुसरे कुटुंब चार महिन्यांनी मिळाले, उदगीरकडचे. पती-पत्नी चाळिशीतील, घर बैठे, जिना नाही, आडाला कठडा, आवाराला भिंत, आणि घरात एक शांत म्हातारा कुत्रा. आम्ही त्यांना मुद्दाम दिवेलागणीला बोलावले. त्या बाईंनी तांबूला पायरीशी थांबलेली पाहिली आणि विचारले, "हिला हाक मारून मग हात लावायचा ना?" पूर्वी त्यांच्या घरी कोणाची दृष्टी गेली होती, ते मी विचारले नाही. पुढच्या दोन महिन्यांत ते तीनदा आले, म्हणजे त्यांचा वास तिच्या ओळखीचा झाला. आम्ही तिचे अंथरूण मुद्दाम न धुता दिले. पाण्याचे भांडे कायम एका जागी ठेवा. पहिले आठ दिवस एकच खोली, मग दुसरी. उंबरठ्याच्या अलीकडे गोणपाट टाका, म्हणजे पायांना कळेल. म्हाताऱ्या कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू बांधा. बाज, पेटी, खुर्ची हलवू नका, हलवलीच तर तिला स्वतः घेऊन जाऊन दाखवा. हे सारे सौ.ने एका वहीच्या पानावर लिहून दिले. मी त्याखाली आमचा पत्ता लिहिला आणि कोणत्याही कारणाने, कोणत्याही वेळी परत आणावे, कारण सांगण्याची गरज नाही, असे लिहून सही केली.

पहिले पाच दिवस ती फार थोडे खाल्ली. सहाव्या दिवशी तिने अंथरूण स्वतः ओढत म्हाताऱ्या कुत्र्याजवळ नेले, असा फोन आला. आम्हाला भेटायला जावेसे वाटत होते. पण आमच्या जाण्याने आमचे मन शांत झाले असते आणि तिचे पुन्हा विस्कटले असते, म्हणून गेलो नाही. आता तिला दिवसाचेही दिसत नाही. आडाच्या कठड्याला वळसा घालून ती परसातल्या लिंबापर्यंत जाते आणि परत येते, असे त्या बाई सांगतात.

आम्ही बरोबर केले का? मला ठामपणे सांगता येत नाही. तिला विचारता आले असते, तर ती आमच्याच ओसरीवर राहते म्हणाली असती, असे मला वाटते. आणि तरीही मी तिला दिले. ज्याचे मत घेता येत नाही त्याच्या वतीने निर्णय घेणारा माणूस पूर्णपणे निर्दोष सुटत नाही, आणि तो सुटू नये हेच बरे. ती सल मनात असते तोवर आपले लक्ष तिकडे राहते. ज्या दिवशी ती पूर्ण निघून जाईल, त्या दिवशी आम्ही तिला दिले नव्हते, देऊन टाकले होते, असे समजायला हरकत नाही. माजघरातील बाज अजून त्याच भिंतीशी आहे. ती परत आलीच तर तिला सापडली पाहिजे.